डावीकडच्या लिंक रॉडास अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत लिंक रॉड,
पुढचं डावं चाक (माजी),
सध्या मुक्काम प्लास्टिकची पिशवी, डिकी,
एमएच-०५, डोंबिवली (पूर्व).

स. न. वि. वि.

आपण कुशल असालच. आपल्याला काय होणार? जे व्हायचं ते आमच्या खिशाचं आणि कमरेचं झालं. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर आपण डाव्या बाजूने 'खट-खट' सुरू केलंत आणि थेट दिवाळीच्या तोंडावर आपला पत्ता लागला. मधल्या काळात आपल्या पापापायी कोण कोण फासावर गेलं, ते आपण एका वितीच्या अंतरावरून पाहिलंत. आधी पुढचे दोन्ही शॉकअप गेले. मग त्यांच्या डोक्यावरची माउंटिंग गेली. मग लोअर आर्म, तेही दोन्ही बाजूंचे, कारण 'साहेब, एकाच बाजूचा टाकला तर गाडी ओढेल'. शेवटी स्टिअरिंग रॅकच्या नावाने वॉरंट निघालं होतं. एवढी निरपराध मंडळी एकामागून एक जात असताना आपण एकदाही पुढे होऊन 'मीच तो' म्हणाला नाहीत. वाजत मात्र इमानेइतबारे राहिलात.

वाचकांना आपली ओळख करून द्यायला हवी. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या अनेकांनी आपलं नावही ऐकलेलं नसतं, आणि आपलं सगळं राजकारण त्यावरच चालतं. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. ती फार कलू नये म्हणून पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एक वाकवलेला पोलादी दांडा आडवा बसवलेला असतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. एक चाक वर उचललं गेलं की हा दांडा पिळला जातो आणि दुसऱ्या चाकालाही त्याच बाजूला खेचू बघतो, त्यामुळे गाडी बरीचशी सपाट राहते. त्या दांड्याचं टोक आणि शॉकअप यांना जोडणारी दीड वितीची काडी म्हणजे आपण. दोन्ही टोकांना लहानसा पोलादी गोळा, तो प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला, वाटीत चिमूटभर ग्रीस आणि वरून रबरी टोपी. बस्स. एवढ्या ऐवजावर आपण पाच महिने राज्य केलंत.

घराणं मात्र मोठं हो! १९१९ साली कॅनडातल्या स्टीफन कोलमन नावाच्या गृहस्थांनी अशा दांड्याचं पेटंट घेतलं. उभा शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग ही पुढच्या चाकाची मांडणी अर्ल मॅकफर्सन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच बसवली, आधी जनरल मोटर्समध्ये आणि मग फोर्डमध्ये. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तीच मांडणी मध्यमवर्गाच्या दारात आली. पण त्या मारुतीत आपण नव्हतात. तिचा दांडा थेट लोअर आर्मला रबरी बुशने जोडलेला असे. बुश झिजला की आठवड्याच्या भाजीच्या पैशात नवा पडायचा. आपण नंतरच्या गाड्यांबरोबर आलात. येताना 'आयुष्यभराचं ग्रीस भरलेलं आहे, वेगळं ग्रीसिंग लागत नाही' अशी जाहिरात करत आलात. हे आयुष्य नेमकं कोणाचं, ते मात्र जाहिरातीत नव्हतं.

आपली पहिली करामत म्हणजे पत्ता चुकवणं. गाडीची बॉडी हा एकसंध पत्रा. आवाज जन्मतो एका ठिकाणी आणि ऐकू येतो भलतीकडेच. मला तो पायाखालून यायचा. शेजारच्या सीटवरच्या सौभाग्यवतींना ग्लव्ह बॉक्समधून यायचा आणि त्या दर वेळी तो उघडून आतली कागदपत्रं नव्याने लावायच्या. मागे बसलेल्या आईचं ठाम मत होतं की डिकीत कुकर आहे. (कुकर नव्हता. पट्ट्यातून सुटलेला जॅक होता. त्याला तंबी देऊन जागेवर बसवलं. पण आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खटखटीचा शोध डिकी रिकामी करण्यापासूनच सुरू करावा. छत्री, पाण्याची बाटली, सुटी स्टेपनी यांनी कित्येकांना गॅरेजच्या पायऱ्या चढायला लावलंय.)

त्यात आपण दुसरी चलाखी केलीत. मेकॅनिक शेजारी बसला की आपण मौन धरायचात. तो गाडी घेऊन गॅरेजसमोरच्या गुळगुळीत काँक्रीटवर एक ट्रायल मारायचा आणि परत येऊन म्हणायचा, 'काहीच नाहीये साहेब.' आणि आम्ही निघालो की पहिल्याच पेव्हर ब्लॉकवर आपण तोंड उघडायचात.

ठाण्यातल्या पहिल्या गॅरेजात तर ट्रायलही झाली नाही. काउंटरवरच्या मुलाने नजर वर न उचलता विचारलं, "किती चालली गाडी?" मी आकडा सांगितला. "मग शॉकअप गेलेच असणार." हे निदान होतं की पत्रिका, कळेना. शॉकअप पाहायची सोपी रीत असते. बॉनेटचा कोपरा जोर लावून दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअपमध्ये जीव आहे, झुलत राहिली तर संपलाय. शिवाय गेलेल्या शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ असतो आणि त्यावर धुळीचा थर चढलेला असतो. यातलं काहीही कोणी पाहिलं नाही. जुने शॉकअप त्यांनी खोक्यात घालून परत दिले, तेवढा एक प्रामाणिकपणा. दोन्ही कोरडे ठणठणीत. मी बिल भरून बाहेर पडलो आणि नितीन कंपनी जंक्शनला पोचायच्या आत आपण 'खट' म्हणून आमचं अभिनंदन केलंत.

मग कल्याणात दुसरं गॅरेज. इथला मिस्तरी निदान गाडीखाली तरी गेला. लिफ्टवर गाडी चढवली, चाक वरून-खालून धरून हलवलं, मग डावी-उजवीकडून धरून हलवलं. हे शास्त्रशुद्धच. वर-खाली प्ले निघाला तर बॉल जॉइंट नाहीतर व्हील बेअरिंग, आडवा प्ले निघाला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. पण आपण या दोन्ही जाळ्यांत सापडत नाही. लिफ्टवर दोन्ही चाकं सारखीच लोंबकळत असतात, दांड्याला पीळ नसतो, आणि आपण मधल्यामध्ये साधुसंतासारखे डोळे मिटून बसलेले असता. मिस्तरीला काही सापडलं नाही. पण 'काही सापडलं नाही' या वाक्याचं बिल करता येत नाही. म्हणून लोअर आर्म.

लोअर आर्म बदलल्यावर खटखट राहिलीच, वर ब्रेक मारला की 'धप्प' असा नवा आवाज फुकट मिळाला. त्याचंही कारण पुढे कळलं. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबकळत असतानाच आवळले होते. गाडी खाली उतरली, चाकावर वजन आलं, आर्म वर गेला आणि नवाकोरा बुश जन्मापासूनच पिळलेला राहिला. हे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. साधी गोष्ट, पण घाईत राहून जाते, आणि काही महिन्यांत बुश फाटला की पुन्हा नवा आर्म विकता येतो. मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. मी फक्त हिशेब मांडतोय.

रॅक बदलायचं ठरलं त्याच आठवड्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पार्किंगमध्ये गाठलं. हे काका प्रीमियरमध्ये फिटर होते. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण कल्याण-शीळ रस्त्यावर कोळेगावच्या बाजूला प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता. फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी करून १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनायची. पुढे मॅकफर्सन, मागे टॉर्शन बार. काका म्हणतात, तशी खड्डा गिळणारी गाडी पुन्हा झाली नाही. भागीदारी काही वर्षांतच मोडली, कारखाना बंद पडला, आणि आता त्या भागात टॉवर उभे आहेत. त्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या सकाळी निघतात आणि त्याच रस्त्यावर खटखटतात. मोटारींचा कारखाना गेला, मोटारी मोडायचा राहिला.

"काय झालं रे? सारखा गॅरेजला दिसतोस."

"काका, पुढून आवाज येतोय. रॅक गेलाय म्हणतात."

"कोण म्हणतंय ते राहू दे. काय गेलंय तेही राहू दे. कधी वाजतं ते सांग."

श्रीयुत, हा प्रश्न आपला घात करणारा होता. एवढी गॅरेजं झाली, 'कधी' असं कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न 'कुठे' असायचा, आणि 'कुठे'चं खोटं उत्तर देण्यात तर आपली हयात गेलेली.

काकांनी तिथेच सुरुवात केली. इंजिन चालू, गाडी जागेवर, आणि मला स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे भराभर हलवायला सांगितलं, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा स्टिअरिंगच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट सैल असता तर हातालाच 'कट-कट' लागलं असतं. लागलं नाही. मग स्टिअरिंग सावकाश पूर्ण फिरवायचं आणि काकांनी स्प्रिंगवर बाहेरून तळवा ठेवायचा (बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत, हे त्यांनी मला मुलाला बजावावं तसं बजावलं). माउंटिंगचा बेअरिंग अडकत असला तर स्प्रिंग आधी अडते आणि मग झटक्यात सुटते. तळव्याला तो हिसका कळतो, कानाला 'टुंग' ऐकू येतं. तेही नव्हतं. असणार कसं? माउंटिंग नवीकोरी होती, माझ्या पैशाची. मग सोसायटीच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून थोडं ॲक्सिलरेटर देत दोन गोल चकरा. ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला असेल तर 'टिक-टिक-टिक' येतं आणि वेगाबरोबर वाढतं. सगळं शांत. वॉचमन तेवढा घाबरला.

"आता रस्त्यावर," काका म्हणाले आणि पुढे बसून खिडकीची काच खाली केली. एसी बंद, रेडिओ बंद. "बोलू नकोस."

मानपाडा रोडने कल्याण-शीळला आलो. पहिल्या खडबडीत पट्ट्यावर आपण वाजलात. काकांनी ब्रेकवर नुसता पाय टेकवायला सांगितला, गाडी थांबणार नाही इतपत. ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची पिन सैल असती तर पाय टेकताच आवाज मेला असता. मेला नाही. पुढे पूर्ण रुंदीचा स्पीडब्रेकर. "सरळ घे." दोन्ही चाकं बरोबरच वर, बरोबरच खाली. चिडीचूप. "मागे वळव. आता तोच तिरपा घे." डावं चाक आधी चढलं, उजवं मागाहून.

खट.

काका हसले. तसं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त पत्त्यात हुकूम हातात आल्यावर पाहिलंय. पुढे मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर टाकलेली लोखंडी प्लेट आली. डावं चाक तिच्यावरून, उजवं डांबरावरून. खट-खट. "बस," काका म्हणाले, "रॅक वाचला तुझा."

आता आपलं गुपित जगजाहीर करतो. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की तो आडवा दांडा स्वतःच्या बुशांमध्ये नुसता फिरतो, पिळला जात नाही, आणि आपल्याला काही कामच पडत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली असेल तेव्हाच दांडा पिळतो आणि तो ताण आपल्या अंगावरून जातो. क्षणात ओढ, क्षणात दाब. वाटी झिजलेली असली की ओढीचा दाब होताना आतला गोळा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो. म्हणून आपण सरळ घेतलेल्या स्पीडब्रेकरवर सज्जनासारखे असता, आणि कमी वेगात, बारक्या, एकाच बाजूच्या उंचवट्यांवर जात दाखवता.

शेवटची खात्री काकांच्या ओळखीच्या एका मिस्तरीकडे एमआयडीसीत झाली. आपण आणि उजवीकडचे आपले बंधू, दोघांनाही काढलं, दांड्याची टोकं कशाला आपटणार नाहीत अशी बांधली, आणि आतल्या गल्लीत अगदी हळू एक चक्कर मारली. (असं कोणी हायवेवर करू नये. दांडा नसला की गाडी वळणावर चांगलीच कलते.) पेव्हर ब्लॉक, प्लेट, गटाराचं झाकण, सगळ्यावरून गेलो. एक आवाज नाही.

काढताना आपण जो तमाशा केलात, तोही नोंदवून ठेवतो. वरचा नट गंजलेला. पाना लावला तर नटाबरोबर आतली पिनही फिरायला लागली. ती धरून ठेवायला पिनेच्या टोकाला ॲलन कीची खाच असते. ती गंजून गोल झालेली, ॲलन की घातली तर नुसतीच फिरते. मिस्तरीने गंज सोडवायचं तेल मारलं, वाट पाहिली, पुन्हा प्रयत्न केला, मग एक अस्सल शिवी दिली आणि ग्राइंडर घेतला. ठिणग्या उडाल्या, रबर जळल्याचा वास सुटला, आणि आपण हातात आलात. नवा लिंक रॉड हातात धरला तर त्याची पिन अंगठ्याचा पूर्ण जोर लावल्याशिवाय हलत नाही. आपली पिन नुसता हात कलता केला की या कुशीवरून त्या कुशीवर पडत होती. टोपीला बारीक चीर. आत ग्रीस म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं, होता तो तांबडा रेतट चिखल, शीळफाट्यापासून पत्री पुलापर्यंतचा सगळा रस्ता त्या चमचाभर जागेत साठवलेला.

आणि किंमत? रॅकच्या बिलावर नुसता जीएसटी जेवढा लागला असता, तेवढ्यात आपण दोघे भाऊ आला असतात, मजुरीसकट. बदलल्यावर अलाइनमेंटचीही गरज नाही, कारण चाकाच्या कोनाशी आपला संबंधच नाही. तरी एका गॅरेजवाल्याने फोनवर विचारलंच, "अलाइनमेंट पण करून टाकू ना?"

आता एकेरीवर येतो. इतक्या ओळखीनंतर 'आपण' शोभत नाही.

तुझ्या वाजण्याने कोणी मेलं नसतं, हे मला माहीत आहे. तू पुरता तुटलास तरी गाडी चालते, जरा जास्त कलते एवढंच. तुझा खरा गुन्हा तो नाही. खालचा बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. टाय रॉड एंड सुटला तर स्टिअरिंग फिरतं आणि चाक फिरत नाही. ही मंडळी निघून जायच्या आधी बहुतेक वेळा सूचना देतात, आणि ती सूचना तुझ्याच बोलीत असते. खट. कट. महिनोन् महिने तुझं ऐकून कान निर्ढावतो. लोक रेडिओचा आवाज वाढवतात. आपल्याकडे सस्पेन्शनचं सर्वांत जास्त वेळा होणारं काम तेच असावं. गोष्टीतला तो पोरगा निदान 'लांडगा आला' तरी म्हणायचा. तू नुसताच ओरडत राहिलास, आणि खरा लांडगा त्याच वाटेने, त्याच आवाजात येऊ शकला असता.

म्हणून कोणाला आवाज येत असेल आणि त्याच्याबरोबर स्टिअरिंग सैल वाटत असेल, गाडी एका बाजूला भरकटत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर काकांची वाट बघू नये. वेग वाढेल तसा वाढणारा आणि वळणावर कमी-जास्त होणारा घोंघों आवाज असेल तर तो व्हील बेअरिंग. त्यालाही थांबायला सांगून तो थांबत नसतो.

तू कोर्टात काय म्हणशील, हेही मला ठाऊक आहे. 'मी एकटा नव्हतो. मला रस्त्याने बिघडवलं.' बचाव बरा आहे. पावसात डांबर धरत नाही म्हणून खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवतात. आठवड्याभरात त्यातला एक खचतो, शेजारचा वर येतो, तिसरा कोणीतरी दुकानाच्या पायरीसाठी नेतो. म्हणजे डाव्या चाकाला डोंगर, उजव्याला दरी. तुला छळायचं यंत्र कोणी मुद्दाम तयार केलं असतं तर याहून वेगळं झालं नसतं. त्यात भर कल्याण-तळोजा मेट्रोच्या बॅरिकेडची आणि प्लेटांची. घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट दुरुस्तीसाठी किती वेळा बंद झाला, याचा हिशेब तिथल्या लोकांनीही सोडून दिलाय. पलावाच्या पुलाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो २०२५ च्या जुलैत खुला झाला, आणि निसरडा झाल्यामुळे काही तासांतच पुन्हा बंद करावा लागला. वाहतूक सुरू होऊन थांबण्याचा हा बहुधा आमच्या भागातला सर्वांत वक्तशीर प्रकार.

पण हा बचाव मी तुला मांडू देणार नाही, कारण त्या रस्त्याची खरी किंमत तू मोजलेली नाहीस आणि मीही नाही. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांमुळे पाच जणांचे जीव गेले. शिवाजी चौकात दुचाकीवर मागे बसलेली एक बाई तोल जाऊन पडली आणि बसखाली आली. ते सीसीटीव्हीत दिसलं, टीव्हीवर दाखवलं गेलं, आणि काही दिवस डांबराच्या गाड्या फिरल्या. चांगले रस्ते हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फार आधी सांगून झालंय. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरात न्यायालयाला दरपत्रकच ठरवून द्यावं लागलं. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. चारचाकीत काच लावून बसलेला माणूस खड्ड्याचा आवाज ऐकतो आणि चिडतो. दुचाकीवाल्याला तो ऐकायची फुरसत मिळत नाही. तेव्हा तुझ्या चिरलेल्या टोपीची कैफियत त्या रांगेत लावायला माझी जीभ धजत नाही.

तुझ्यावरची कारवाई किरकोळच आहे. उद्या रविवार, भंगारवाला येईल. तुझं एकट्याचं वजन काट्यावर धड दिसणारही नाही, म्हणून तुला त्या जुन्या लोअर आर्मबरोबर एकाच गठ्ठ्यात तोलायला सांगणार आहे. बॉल जॉइंट घट्ट, बुश शाबूत, काही गुन्हा नसताना गेलेले ते दोघे. गोदामापर्यंतच्या वाटेत त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. टेम्पो पेव्हर ब्लॉकवरूनच जाईल.

तुझ्या जागी आलेल्याला मी आधीच बजावलंय. दर सर्व्हिसला गाडी लिफ्टवर चढली की टॉर्च घेऊन मी स्वतः खाली जाणार आणि चारही टोप्या बघणार. टोपी चिरलेली दिसली की आवाजाची वाट पाहणार नाही.

कळावे. लोभ नव्हताच.

आपला (माजी) वाहक,
डोंबिवली (पूर्व)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :

उजवीकडचे लिंक रॉड, नवे. भावकीची सवय लावून घेऊ नये.

मानपाडा रोडवरचे समस्त पेव्हर ब्लॉक, आपापल्या उंचीवर.

स्टिअरिंग रॅक. वॉरंट रद्द झालं आहे, निर्धास्त असावं.

पुढचे दोन्ही जुने शॉकअप, मुक्काम आमचा पोटमाळा. निर्दोष मुक्तता झाली आहे. कोरडे आहेत, चालू स्थितीत आहेत. गरजूंनी संध्याकाळी सातनंतर भेटावं, येताना गाडी शक्यतो पेव्हर ब्लॉक चुकवून आणावी.